आमच्या हावबाई

मोरीनबाई मराठीतला पहिला शब्द शिकल्या तो 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो', आणि पुढे कितीतरी दिवस त्या एका शब्दावर त्यांनी अहमदपुरात संसार केला. जेवलात का? हाव. भूक लागली का? हाव. आयर्लंडात घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेल्या या उंच, लालबुंद गालांच्या बाई आमच्या शाळेत वर्षभर बिनपगारी इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. मी तिथंच मराठी शिकवायचे. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं बारसं केलं : हावबाई.

खरं नावही गावात गैरसोयीचंच होतं. त्या माझ्या शेजारी खैरुनखालांच्या माडीवर राहायच्या. खाला सुनेला "मोरी धो डाल गे!" असं ओरडल्या, की बाई जिन्यावरून धडधडत खाली हजर. मोरी म्हणजे काय, हे मी त्यांना न्हाणीत नेऊन दाखवलं, तेव्हा तिथल्याच पाटावर बसून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

एकदा नांदेडहून परतताना स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, "माहूर का?" बाई सवयीनं हाव म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या त्या कपाळभर कुंकू आणि तोंड लालभडक. खालांनी हंबरडाच फोडला, "या अल्ला, इसकू किसने मारा?" मी बघितलं, तर तो माहूरच्या रेणुकामातेचा तांबूल. बाईंनी पिशवीतून पुडी काढून खालांपुढे धरली. खालांनी हुंगून चिमूटभर तोंडात टाकला. "अच्छा है," म्हणाल्या, "सुपारी कम है."

या हावचा खरा फायदा घेतला तो आमच्या हेडसरांनी. गोरी पाहुणी हाताशी आहे म्हटल्यावर ते त्यांना स्कूटरवर मागं बसवून गावभर न्यायला लागले. रसवंतीचं उद्घाटन, व्यायामशाळेचं उद्घाटन, ओळखीपाळखीच्यांची लग्नं. बाई फेटा बांधून घ्यायच्या, रिबीन कापायच्या, आणि इकडे वर्गात पोरं लोळायची. एका संध्याकाळी खालांच्या स्वयंपाकघरात चहा घेताना बाईंचा चेहरा उतरला होता. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "मी शिकवायला आली. रिबीन कापून राहिली. मी घरी जाते."

खालांना मराठी कळायचं. त्या तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "जाती कायकू? हौ तो सबकू बोलने आता. नै बोलना सीख."

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं, आणि त्या रविवारी शिकवणी झाली. खाला ताटात भाकरी टाकणार; बाईंनी नाही म्हणायचं. भिडेपोटी हाव निघालं, तर ती भाकरी संपवायची. बाईंची भीड इतकी दांडगी, की दुपारी त्यांना माडी चढवेना. पण शेवटची भाकरी ताटावर आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात आडवे धरून अशी गर्जना केली, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

सोमवारी हेडसर वर्गाच्या दारात. "मॅडम, चला. नव्या मोबाईल शॉपीचं उद्घाटन हाय. लोकं थांबून राहिलेत."

बाई खडू हातात धरून वळल्या. मी शेजारच्या वर्गाच्या दारात श्वास रोखून उभी. त्यांचा इथला मुक्काम हेडसरांच्याच मर्जीवर होता.

"न्हाई, सर," बाई म्हणाल्या.

त्यांची शिकवायची रीत अशी, की बाईंनी वाक्य बोलायचं आणि वर्गानं मागून म्हणायचं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "न्हाई, सर!"

हेडसरांचे कान तांबडे झाले. ते एकटेच उद्घाटनाला गेले. पण पाहुणी नाही म्हणून दुकानदारानं कात्री त्यांच्याच हातात दिली, फेटा बांधला, दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. मग मात्र त्यांनी बाईंना पुन्हा कधी बोलावलं नाही. आजही गावातल्या रिबिनी तेच कापतात.

त्यानंतर बाईंनी मन लावून शिकवलं. पोरांना घेऊन मोंढ्याच्या बाजारात फिरायच्या; कुत्र्यांना घाबरायचं नाही, हे टपालवालीचं ज्ञानही पोरांना फुकट मिळालं. आमची पोरं इंग्रजी बोलायला लागली, पण अशा आयरिश हेलात, की लातूरहून आलेले तपासणी अधिकारी बुचकळ्यात पडले.

उन्हाळ्यात त्या गेल्या. स्टँडवर खालांनी भाकरीचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कंडक्टरला दम दिला, "इसकू लातूर के पैले उतरने नक्को दे." बस हलल्यावर खाला रडतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "चल, उन्ह लगरा."

आता दर रविवारी खालांकडे मोरीनबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. परवा मी सहज डोकावले. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. पडद्यावर बाई त्यांच्या ओट्यापाशी बटाटे सोलत होत्या, इकडे खाला मेथी निवडत होत्या. कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही, अडलं असेल, म्हणून मी पुढं होऊन इंग्रजीत सुरुवात केली.

खालांनी मेथीच्या जुडीनंच मला मागं सारलं.

"चुप बैठ गे," त्या म्हणाल्या. "बातां चालू हैं."