वीतभर आखूड खांब

मुरबाड-माळशेज रस्त्यावर, टोकावड्याच्या अलीकडे आमच्या वस्तीचं समाजमंदिर आहे. त्याच्या पुढच्या सहा खांबांपैकी एक वरच्या बीमला टेकतच नाही, वीतभर खाली थांबतो. ती माझी करामत. बीमला त्या खांबाची गरज नव्हती. खांब नुसता शोभेचा, आणि तसं त्यानं सरळ कबूल करावं, ही माझी गंमत. मुंबईत आर्किटेक्चर शिकताना मला पोस्टमॉडर्न इमारतींचं वेड लागलं. इमारतीनं फार गंभीर राहू नये, जुन्या खांब-कमानींची थोडी थट्टा करावी, असं ते सगळं प्रकरण. आटगावकडे मुंबईकरांची फार्महाऊसं मी तशीच बांधली. गुलाबी कमानी, कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या, तीन पायांच्या खुर्च्या. लोक कौतुक करत आणि माझ्या डोक्यात हवा जाई.

माझे आप्पा गवंडी. माझं प्रत्येक काम बघायला ते येत. भिंतीला गाल टेकवून, एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "वळंब्यात हाय गो, सरळ." नाहीतर, "ती खिडकी बोटभर खाली गेली बघ." कमान गुलाबी का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण त्यांचं ते एक वाक्य ऐकल्याशिवाय मला काम पुरं झाल्यासारखं वाटत नसे.

गवंड्यांची एक रीत आहे. सोबत्याच्या हातून चूक झाली तर चारचौघांत बोलायची नाही, गुपचूप सारखी करून ठेवायची. समाजमंदिराच्या उद्घाटनाला मी सकाळी फोटोग्राफरला घेऊन पोचले, तर खांब बीमला टेकलेला! आत विटा, वर गिलावा, थापीनं इतका साफ घोटलेला की सांधा सापडेना. आप्पा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाय, खांब आखूड पडला होता. भरला मी. कोनाला कळलं नाय."

गुडघे गेलेला माणूस उजाडताना परांचीवर चढला होता, लेकीची लाज राखायला. हे मला आज दिसतं. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळ्या वस्तीसमोर मी ओरडले, "कोनी सांगितलं होतं तुमाला हात लावायला? डिझाइन हाय ते! कळत नाय तर गप बसायचं ना!"

आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला ते फोडायला सांगितलं. आप्पांनी त्याच्या हातातून छिन्नी-हातोडा घेतला. "मीच फोडतो. तुज्याकडनं कड तुटंल." फोडलंही त्यांनीच, खांबाचा टवकासुद्धा न उडवता. फोटो सुरेख आला, मासिकात छापून आला. मी तो त्यांना दाखवायलाही नेला, काय म्हणावं मला!

त्यानंतरही आप्पा माझ्या कामांवर येत, पण विचारलं की एकच, "चांगलं हाय." सगळंच चांगलं! एकदा मी मुद्दाम एक चौकट तिरकी बसवून घेतली. तिच्यापुढे उभे राहूनही तेच म्हणाले. दाद नको होती हो मला, त्यांनी एक चूक काढायला हवी होती. त्यासाठी मी आसुसले होते. आधी माफी मागायची, एवढं साधं होतं. पण चारचौघांत तोंड सोडणारी मी, त्यांच्यापुढे ते एवढं बोलू शकले नाही.

आई गेल्यावर, गेल्या वर्षी, मी त्यांच्यासाठी माझ्या घराला लागून एक खोली बांधली, आतच न्हाणी. थट्टा-बिट्टा काही नाही, चार सरळ भिंती. वाटलं, इथे तरी बोलतील. दोन महिन्यांनी ते न्हाणीत घसरून पडले, खुबा मोडला. मी धावत आत गेले, ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि कळलं. उतार उलटा होता. पाणी जाळीकडे न जाता दाराशी साठत होतं. फरशीवाल्यानं चुकवलं आणि मी तपासलं नाही. दाराच्या कडीला एक फडकं वाळत होतं. आप्पा रोज वाकून ते पाणी पुसत होते.

मुरबाडच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी रडत रडत त्यांच्यावरच चिडले, "पयल्याच दिवशी दिसलं असंल तुमाला. बोलला का नाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो तोंडावर. असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं," आप्पा म्हणाले, "तुजं डिझाइन असंल."