चूक ऐकून घेणारे मामा

हाताखालचं माणूस चूक सांगायला आलं की मामा आधी त्याला बसायला खुर्ची द्यायचे. इतर साहेबांचा आवाज अशा वेळी चढतो, मामांचा उतरायचा. "बस. बरं केलं सांगितलं. आता निस्तरू," एवढंच म्हणायचे आणि खरोखर निस्तरायला लागायचे. चूक कशी झाली हेही विचारायचे, पण गाडी पोचल्यानंतर.

गाडी म्हणजे रुग्णवाहिका. रायपूरच्या शंकर नगरमधल्या एका इमारतीत आमचा कक्ष होता. गावोगावचे फोन घ्यायचे, घाबरलेल्या माणसाकडून पत्ता समजून घ्यायचा आणि जवळची गाडी रवाना करायची, हे आमचं काम. मामा दिवसपाळीचे प्रमुख होते. वडील रेल्वेत, म्हणून विदर्भातून रायपुरात आलेले आणि इथलेच झालेले. सुरुवातीला आम्ही त्यांना 'सर'च म्हणायचो.

त्यांच्या आधीच्या प्रमुखांच्या हाताखाली आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो होतो, ती म्हणजे लपवणं. शेजारच्याचं काही चुकलं तर मान फिरवायची, आपलं चुकलं तर गुपचूप सावरायचं. त्यामुळे नव्या साहेबांच्या गोड बोलण्यावर कोणाचाच विश्वास बसेना. गुढियारी वस्तीतला दिनेश साहू तर मला स्पष्टच म्हणाला होता, "दीदी, ये मीठा बोल-बोलके फंसाएंगे."

आणि एका दुपारी त्याच्याच हातून चूक झाली. एकाच नावाची दोन गावं होती आणि बाळंतपणात अडलेल्या बाईची गाडी त्यानं भलत्याच गावाला पाठवली. बाईच्या भावाचा पुन्हा फोन आला तेव्हा दिनेशला ते कळलं. मी त्याच्या शेजारीच होते. त्यानं एकदा संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, मैंने गाड़ी गलत गांव भेज दी."

मामा आपली खुर्ची ओढत त्याच्याजवळ येऊन बसले. "अच्छा किया बता दिया. दूसरी कौन-सी पास है?"

रुग्णाला सोडून परतणारी एक गाडी त्याच बाजूला होती. ती वळवली. दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच बाई बाळंत झाली आणि दोन्ही जीव सुखरूप राहिले. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा दिनेश टेबलावर डोकं ठेवून रडला. त्या दिवसापासून तो साहेबांना 'मामा' म्हणू लागला, आणि मग आम्ही सगळेच.

पण बाईच्या घरच्यांनी तक्रार केली आणि वरून चूक करणाऱ्याचं नाव मागितलं गेलं. मामा स्वतः जाऊन सांगून आले, "नाव देतो. पण त्यानं लगेच सांगितलं म्हणून बाई वाचली, हेही लिहा. त्याला शिक्षा केली तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही." कोणी ऐकलं नाही. दिनेशला निलंबित केलं.

संध्याकाळी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, मी त्याले बोलायला लावलं, अन् भोगून राहिला तो. घर माहीत आहे काय त्याचं?"

आम्ही दोघं गुढियारीला गेलो. दिनेश दारात आला, पण आत या म्हणाला नाही. "अब क्या सुनने आए हैं?"

मामा वाकले आणि त्यांनी त्याच्या पायांना हात लावला. छत्तीसगढात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही लहान असो. सगळ्यांना माहीत असलेली रीत. पण पिकल्या केसांचा साहेब असा भर गल्लीत वाकलेला पाहून दिनेश दचकून मागे सरला.

"अरे मामा, ये क्या कर रहे हो!"

"मामा बोलता है ना? तो पड़ने दे. मेरे भरोसे तूने मुंह खोला था."

आतून त्याच्या आईनं चहा टाकल्याचा आवाज आला.

दिनेश कामावर परत येईपर्यंत मामा रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात राहिले. हळूहळू आम्हीही आळीपाळीनं जाऊ लागलो. त्याच्या घराच्या ओसरीवर आम्ही पहिल्यांदा एकमेकांच्या घरच्या गोष्टी ऐकल्या. दिनेश परतला तोवर आमचा कक्ष बोलका झाला होता. ज्याचं काही चुकलं तो तिथल्या तिथे सांगायचा आणि दोघं-तिघं धावून यायचे.

पुढे काही वर्षांनी मामांना कमी ऐकू येऊ लागलं. गर्दीच्या वेळी तेही फोन घ्यायचे, तेव्हा गावांची नावं पुन्हा पुन्हा विचारत. आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि प्रेमापोटी आम्ही सगळे गप्प होतो. एकदा मामांनी गावाचं नाव चुकीचं ऐकलं. दिनेशनं ते वेळीच पकडलं, गाडी नीट रवाना केली आणि मग तो मामांच्या समोर जाऊन बसला.

"मामा, आपको सुनाई कम दे रहा है. अब आप फोन मत लीजिए."

मामा त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हेडफोन काढला, रुमालानं पुसला आणि दिनेशच्या हातात दिला.

नंतर जिन्यात मला म्हणाले, "घरी बायकोले माहीत होतं, पोरीले माहीत होतं. मले वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही. हा पोट्टा बोलला." ते हसत होते.

महिन्याभरात त्यांनी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी आम्ही कक्षातच जमलो, तर भाषणं नको म्हणाले. "मले काही समजणार नाही, उगीच मान हलवत बसीन. या डाव्या कानानं अजून येते ऐकू. ज्याले बोलायचं त्यानं जवळ येऊन बोला."

आम्ही एकेक जण त्यांच्या कानाशी जाऊन बोललो. दिनेश सगळ्यांत शेवटी गेला. तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. मामांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्याचा खांदा घट्ट धरला होता. तेवढ्यात फोन वाजायला लागले, तसे आम्ही आपापल्या जागेवर गेलो. दिनेशच्या टेबलावरचाही फोन वाजत होता. तो मी घेतला.