बेंजोच्या आधी पेटी

विनिता सामंत पेटी वाजवतात, हे डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण नुसती पेटी अशी कुणी ऐकली नव्हती. सव्वीस वर्षं त्या भजनी मंडळात अक्षदाताईंच्या साथीला बसल्या. अक्षदाताईंनी ओळ उचलायची आणि विनिताताईंनी श्वासभर मागून तिच्याखाली सूर अंथरायचे. लहानपणी मालवणला मास्तरांनी शिकवलं होतं, गाणाऱ्याच्या पुढे बोट जाता कामा नये. ते कधी गेलं नाही. गाणं रंगलं की अक्षदाताई नुसती मान हलवायच्या, विनिताताईंना तेवढं पुरे व्हायचं.

या उन्हाळ्यात अक्षदाताई लेकाकडे नाशिकला गेल्या, त्या कायमच्याच. दिवाळी तोंडावर आली आणि पहाटेच्या कार्यक्रमाला गाणारं कुणी उरलं नाही.

"काकू, तुम्ही आणि विश्रामकाका मिळून वाजवा ना," सोसायटीचा सेक्रेटरी सलिल म्हणाला. "पेटी आणि बेंजो. रविवारी ऐकतो. नाहीच जमलं तर स्पीकरवर गाणी लावू, टेन्शन नाय."

एकदा स्पीकर लागला की पेटी कपाटावर चढणार आणि मग खाली यायची नाही, हे विनिताताईंना कुणी सांगायला नको होतं. त्या हो म्हणाल्या.

विश्राम केणे बी विंगमधले. सोसायटी उभी होती ती त्यांच्याच भातशेतीवर. तरुणपणी हळदीच्या मांडवांत त्यांची बेंजो पार्टी गाजलेली. त्यांनी चाल आणली ती आईची. रंगूबाई धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नांत धवले गाऊन लग्न लावणारी. विश्रामकाकांनी चाल गुणगुणली, विनिताताईंनी वहीत सरगम उतरवली. बेंजोच्या तारा पेटीच्या पट्टीला मिळवल्या आणि रोज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात तालीम सुरू झाली.

सूर जुळत होते, तरी काहीतरी बिनसत होतं. बुधवारी सलिलने मोबाइलवर रेकॉर्ड करून दोघांना ऐकवलं. तीन मिनिटांची चाल सव्वाचार मिनिटं चालली होती. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा सुस्त.

"शेवटी शेवटी मला वाटलं, मोबाइलची बॅटरी गेली," सलिल म्हणाला.

"बाय, तुमी थांबताव म्हनून मी थांबतो," विश्रामकाका म्हणाले.

"अहो, मी तर तुमची वाट बघत होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विश्रामकाका आधी हसले. जन्मभर मांडवांत त्यांनीही गाणाऱ्याच्या मागूनच बेंजो वाजवला होता.

त्या संध्याकाळी घरी विनिताताईंनी दार लावून एकटीनंच चाल वाजवली. पहिली ओळ संपली आणि बोट थांबलं. दुसरी संपली, पुन्हा थांबलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी प्रत्येक ओळीच्या तोंडाशी त्या कुणीतरी सुरुवात करायची वाट पाहत होत्या. भात्यातली हवा हळूहळू सुटत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्रामकाकांना विचारलं, "तुमची आई ओळ कधी उचलायची? कुणाकडे बघून?"

"कुनाकरंच नाय. डोले मिटून गायाची. छाती भरली की पुढली ओल. मागच्या बाया शेपूट धरून येयाच्या. एखादी चुकली तरी आये थांबाची नाय. नवरा-नवरी खोलंबतील ना."

विनिताताईंनी वही उघडली आणि दोघांनी मिळून वाजवायची आधीची सगळी मांडणी खोडली. आता दोघांनी एकदम वाजवायचंच नाही. ओळ पेटीची. तिचे शेवटचे दोन सूर बेंजोनं उचलायचे आणि तीच ओळ फिरवून परत आणायची. तोवर पेटीनं खाली षड्ज धरून ठेवायचा आणि बेंजो संपायच्या आत पुढची ओळ काढायची.

"म्हंजे मी मागं?" विश्रामकाकांनी विचारलं.

"चालेल ना?"

"बरंच झालं. पुढचं टेन्शन तुमाला."

शुक्रवारी दोनदा त्या अडल्या. शनिवारी एकदा, पण मागे गेल्या नाहीत.

रविवारी सलिल खुर्ची उलटी फिरवून समोर बसला. विनिताताईंनी भाता हलवला, छाती भरून श्वास घेतला आणि कुणाकडेही न बघता पहिली ओळ काढली. बेंजो शेपूट धरून आला. दुसरीही तशीच गेली. तिसऱ्या ओळीला विश्रामकाकांच्या बोटांतली तार छेडायची नखी निसटून टेबलाखाली गेली. ते वाकले. बेंजो गप्प झाला.

विनिताताईंनी खाली षड्ज धरून ठेवला होता. मग त्यांनी चौथी ओळ उचलली. एकटी पेटी त्या छोट्याशा ऑफिसात वाजत राहिली. सुराला कोवळा कंप होता, पण लय तीच होती. ओळ अर्धी झाली असताना नखी सापडली आणि बेंजो धावत येऊन तिला मिळाला.

"बस, काकू, फायनल," सलिल उठत म्हणाला. "मी बोर्डावर लिहून टाकतो."

विनिताताईंनी मान वर केली नाही. अजून दोन ओळी बाकी होत्या.