सड्यावरची दीपकाडी आणि आत्या

"नलूताई गेली," बापूकाका फोनवर एवढंच म्हणाले. नलूआत्या आजारी होती, तरी मला ते पटेना. नुकतंच तर आपल्या मांडवीच्या घरी तिने मला बजावलं होतं, सड्यावर कोंब दिसतात का ते पाहून ये आणि लगेच फोन कर!

दीपकाडी हे रानफूल म्हणजे आत्याचं वेड. राजापूरजवळच्या आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, खाचांतल्या मूठभर मातीत दीपकाडीचे कांदे असतात. पावसात वर दांडा येतो आणि त्यावर निशिगंधासारखी पांढरीशुभ्र फुलं. पहिलं फूल दिसलं की आत्या पदर खोचून धावत सुटायची, आम्हालाही ओढत न्यायची. उन्हाळ्यात मात्र तिथे नुसता काळा कातळ. काकांनी तिथे हापूसची कलमं लावायची ठरवली, तेव्हा बहीणभावांत कडाक्याचं भांडण झालं. शेवटी काका म्हणाले, कांदे कुठे आहेत ते दाखव, तेवढी जागा सोडतो.

आत्याने भर पावसात चुन्याने खुणा केल्या. त्या वाहून गेल्या, दुसरं काय होणार! मग फाटक रंगवून उरलेला शेंदरी ऑइलपेंट तिने कांद्यांशेजारच्या दगडांना फासला. उन्हाळ्यात जेसीबी आला तोवर वाडीतल्या बायकांनी त्या दगडांना फुलं वाहिली होती, एकापुढे तर नारळही होता. ड्रायव्हरने मशीन बंद करून हात जोडले. आत्याला खरं सांगितल्याशिवाय राहवेना.

"अरे, देव नाहीत ते. खाली कांदे आहेत."

"असूं द्या. मी नाय हात लावणार."

तो आल्या पावली परत गेला. तू हे मुद्दाम केलंस, म्हणून काका कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आत्या मात्र हसून हसून बेजार!

आता ती नाही. काकांना अडवणारं कोणी उरलं नाही, या धास्तीनेच मी परवा सड्यावर गेले. आणि काय सांगू, अख्खा सडा फुललेला! इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी तिच्या आठवणीने रडूही आलं. काका कडेला उभे होते, चपला हातात घेऊन.

"काका, तुम्हीही या दगडांना देव मानायला लागलात?" मी विचारलं.

"देव कसले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मातीत कांद्यांची पिल्लं असतात. चपला काढ आधी."