तळ्याचा गाळ आणि नवी बादली

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावचं तळं आटलं आणि त्याचा तळ पहिल्यांदाच नीट पाहायला मिळाला. काठाला वाळू, पुढे बारीक पोयटा, आणि मधोमध, जिथं पाणी सर्वांत शेवटी उरलं होतं तिथं, काळाभोर चिकट गाळ. वाळल्यावर त्याच्यावर पांढरट पापुद्रा धरत होता. लोकांनी बैलगाड्या लावून हा मधला गाळच आधी उचलला. काळा तेवढा कसदार, असा सर्वांचा हिशेब. आमच्या थोरल्या बंधूंनीही, म्हणजे दादांनी, तो आणून लिंबोणीच्या आळ्यांत भरला.

बाग सातबाऱ्यावर दादांची, पण झाडं वहिनींची. काष्टीच्या बाजारातून रोपं त्यांनी पारखून आणली होती आणि त्या वर्षी तळाला गेलेल्या विहिरीतून पाणी खरवडून घागरीनं त्यांनीच ती जगवली. मी शेवगावला नोकरीला होतो, अधूनमधून गावी येत असे. उन्हाळ्यात आलो तेव्हा नवी पालवी पिवळी पडलेली दिसली. पानं लहान, शिरा तेवढ्या हिरव्या.

दादांनी गाळ आणि बागेबाहेरची मूळ माती असे दोन नमुने नगरच्या प्रयोगशाळेत देऊन ठेवले होते. त्यांचा निकाल आलेला होता. गाळात चुना आणि क्षार फार. जस्त मात्र भरपूर. झाडाला जस्त कमी पडलं की पान असंच पिवळं पडतं. पण इथं ते भरपूर आहे, तेव्हा हा दुसराच रोग असणार आणि त्याला औषध नाही, असं तिथल्या रसायनतज्ज्ञांनी दादांना सांगितलं होतं. रोग पसरू नये म्हणून दादांनी झाडं तोडायला घेतली होती. बांधाकडची ओळ तुटून पडली होती.

"बाकीची उद्या," दादा म्हणाले.

"आदी मला तोडा," वहिनी चुलीपाशी बसूनच म्हणाल्या.

मी निकालाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चुना, क्षार, लोह, सगळं दोन्ही मातींत वेगळं. एकट्या जस्ताचा आकडा जवळजवळ सारखा. ज्या दोन मातींत बाकी काहीच जुळत नाही, त्यांत एवढंच का जुळावं? मी दादांना विचारलं, माती कशी नेली होती?

"चांगली नेली. ढेकळं दगडावानी हुती. भिजवून कालवली, वाळवली, मग पिशव्या भरल्या."

"कशात भिजवली?"

उत्तर वहिनींनी दिलं. "माझ्या नव्या बादलीत! एकदा गाळ, एकदा माती. रात-रात भिजत ठिवली. प्यायला पानी न्हाई आन ह्यांची ढेकळं न्हात्यात."

"मातीत मीठ-बीठ मिसळू नये म्हून नवी घेतली," दादा म्हणाले. "चुकलं काय त्यात?"

बादली पत्र्याची होती. पत्रा गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा मुलामा देतात.

तोडणं थांबलं. मी लाकडी खुंटीनं उकरून, कापडी पिशवीतून, कोरडीच माती नगरला नेली. रसायनतज्ज्ञांनी बादलीची हकिगत ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही तुमची बादलीच तपासली." या वेळी गाळात जस्त अगदी थोडं निघालं. शिवाय इतक्या चुन्यात जे आहे तेही मुळांना मिळत नाही, म्हणून ते पानांवाटे द्या, असं त्यांनी सांगितलं. झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचाच क्षार, आणि त्यानं पानं करपू नयेत म्हणून थोडी चुन्याची निवळी पाण्यात मिसळून फवारायची.

काही झाडं न फवारता ठेवावीत, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल, असं मी सुचवलं. वहिनींनी पंप खाली ठेवला.

"भावजी, पंगतीला बसवायचं आन कुनाच्या पानात वाढायचं न्हाई, ते तुमी ठरवनार व्हय?"

सगळी झाडं फवारली. पाठोपाठ पाऊसही लागला.

दिवाळीला गेलो तेव्हा बाग हिरवी होती. दादा म्हणाले, "पावसानं केलं. औशद कशाचं?" वहिनी म्हणाल्या, औषधानं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फवारायचं की नाही, हे यावर ठरणार होतं. मला दोघांपैकी कुणालाच दुजोरा देता येईना. ताडून पाहायला एकही झाड शिल्लक नव्हतं.

संध्याकाळी बांधाकडे गेलो. तोडलेल्या ओळीच्या काही बुंध्यांना फूट आली होती. पाऊस त्यांनाही सारखाच मिळाला होता. फवारा मात्र मिळाला नव्हता, कारण तेव्हा तिथं पानच नव्हतं. मी वाकून पाहिलं. पानं लहान, पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

दादांना हाक मारली. त्यांनी त्या फुटीचं एक पान खुडलं आणि बागेतल्या हिरव्या पानाशेजारी धरलं. मागोमाग आलेल्या वहिनींनी एकदाच पाहिलं आणि पंप आणायला घरात गेल्या.