गच्चीवरच्या टाकीचं पाणी

लेट्यूसवाल्या काकू हे नाव त्यांना गल्लीनं दिलं. गच्चीवर प्लॅस्टिकच्या छपराखाली पांढऱ्या पाइपांत मातीविना भाजी वाढवायची, टाकीत खतपाणी कालवायचं आणि पंपानं ते मुळांपाशी फिरवत ठेवायचं, असा नवरा-बायकोनं हौसेनं थाटलेला उद्योग. मुलगी घर सोडून गेली आणि दोघांत अबोला सुरू झाला. ती तुमच्या हेक्यामुळे गेली, असं काकूंचं म्हणणं. तुझ्या जिभेमुळे गेली, असं काकांचं. काम वाटून घ्यायलासुद्धा तोंड उघडावं लागतं. ते आधी कोण उघडणार?

पानांच्या कडा करपू लागल्या तेव्हा काकू रोज मीटरनं पाणी तपासू लागल्या. सकाळी पाण्याचा पीएच घसरलेला दिसायचा, म्हणून त्या थोडी अल्कली घालायच्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्यात खत वाढवलेलं नसताना क्षारांचा आकडा चढतच चाललेला. त्यांनी मीटरला मनसोक्त शिव्या घातल्या आणि नवा आणला. आकडे काही बदलले नाहीत.

एका दुपारी त्या वाळलेले कपडे काढायला वर आल्या, तर काका टाकीवर वाकून ॲसिड ओतत होते.

"कधीपासून घालताय?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

काका दचकले. "रोज. दुपारी पीएच चढलेला असतो."

"अहो, मीच चढवते तो सकाळी!"

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला?"

काकांनी बाटलीचं झाकण लावलं.

अल्कली-ॲसिडच्या क्षारांनी भरलेली टाकी दोघांनी मिळून उपसली, पाइप धुतले, ताजं पाणी भरलं. "बादली धर." "पंप बंद करा." "बास." किती तरी दिवसांत एवढं बोलणं झालं नव्हतं. आता हे पोरीचा विषय काढतील, असं वाटून काकू उगाच पाइप पुसत राहिल्या. काका हात धुऊन खाली गेले.

मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. ताज्या पाण्यानंही ती सावरली नाहीत. रोपांनी माना टाकल्या.

"नवी लावूया?" काकूंनी विचारलं.

"राहू दे आता," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना भांडता तरी आलं असतं.

पाइप भंगारवाल्यानं नेले. काकू वाढतात, काका जेवतात. फोन वाजला की दोघांच्याही माना एकदमच वळतात. बहुतेक वेळा कुठल्या तरी कंपनीचा असतो.