सेक्टर तेराचा पत्ता

आमच्या ह्यांना, म्हणजे दिगंबर खांबेट्यांना, चंदीगडच्या मराठी मंडळात त्यांच्या नोकरीमुळे कुणी ओळखत नव्हतं. नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत ते ड्राफ्ट्समन. दिवसभर टेबलावर वाकून रेघा मारणाऱ्या माणसाचं कुणाला काय कौतुक? त्यांची ओळख होती ती तंबोल्याची. गणपतीतल्या रविवारी थैलीतून आकड्यांच्या सोंगट्या काढून पुकारायचं काम त्यांचं, आणि ते असं पुकारत की तिकीट न घेतलेली माणसंसुद्धा हॉलमधून हलत नसत.

पद्धत त्यांनी स्वतः काढलेली. ह्या शहरात सेक्टरांना नावं नाहीत, नुसते आकडे, म्हणून प्रत्येक आकड्याला त्याच्या सेक्टरचं काहीतरी जोडायचं. "नवी साडी, सतरा!" कारण मोठा बाजार सतरात. "कोथिंबीर स्वस्त, सव्वीस!" कारण भाजीमंडई सव्वीसात. पण सगळे वाट बघत ती तेराची. चंदीगड वसवणाऱ्यांनी तेरा नंबरचा सेक्टर ठेवलाच नाही, बारानंतर एकदम चौदा. तेरा निघाला की हे खेदानं मान हलवून म्हणत, "पत्ता नाही!" आणि अख्खा हॉल ओरडे, "तेरा!" एरवी आईबापांना हिंदीत उत्तरं देणारी आमची पोरंही एवढं मात्र मराठीत ओरडत.

त्याच गळ्यात कॅन्सर निघाला.

स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं, श्वास त्यातूनच. मग कोबाल्टच्या किरणांचे शेक सुरू झाले. मानेची कातडी काळी पडली, जिभेची चव गेली. माझ्या आमटीला हे पाटीवर 'कोमट पाणी' असा शेरा लिहून दाखवत. लोकांना वाटे, नीला रडत असेल. मी रडत नव्हते, संतापलेली होते. सिगारेटींवर, ह्यांच्यावर, आणि भेटायला येऊन कुजबुजत्या आवाजात बोलणाऱ्यांवर. ह्यांचा आवाज गेला होता, कान शाबूत होते! गळ्यावरच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून मी मलमलचे रुमाल शिवले, आणि रागारागात प्रत्येक शर्टाला जुळेल अशी किनारही लावली.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टर चित्रा सांगलीच्या निघाल्या. त्यांनी सांगितलं की हवा गिळायची, वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचा. थोडक्यात, ढेकर देत बोलायचं. आधी प, त, क असली अक्षरं जमतात, बाकीची हळूहळू. आता आमच्या घरी पंगतीत कुणी ढेकर दिला की तोंड वाकडं करणारा माणूस हाच! न्हाणीघराचं दार लावून हे सराव करत. आतून "पाट", "ताक", "काका" ऐकू आलं की मला पोळ्या लाटता लाटता आनंदाचं भरतं येई. पण चारचौघांत? मुळीच नाही. ढेकरांचा तमाशा करणार नाही, असं त्यांनी पाटीवर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग माझ्या भावानं, जयंतनं, अमेरिकेहून एक यंत्र पाठवलं. टॉर्चएवढं, गळ्याला टेकवून बटण दाबलं की गुणगुणायचं, आणि तोंड हलवलं की त्या गुणगुणीचे शब्द व्हायचे. आम्ही त्याचं नाव भुंगा ठेवलं. हे खूश झाले. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यंदाही तंबोला तुम्हीच पुकारा म्हणाले, तेव्हा भुंग्यातूनच होकार गेला. मला खरं म्हणजे त्यांचा न्हाणीघरातला आवाज जास्त आवडायचा. तो त्यांचा स्वतःचा होता.

वर्ष ट्रान्झिस्टर बॉम्बचं. दिल्लीत, हरियाणात बसमध्ये सोडलेले ट्रान्झिस्टर फुटून माणसं मेली होती. आमच्याकडे चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे असत, आणि अंधारायच्या आत घरी पोचावं म्हणून मंडळाचा कार्यक्रमही दुपारीच ठेवला होता. त्या रविवारी ह्यांनी भुंग्यात नवे सेल घातले, मोरपंखी किनारीचा रुमाल बांधला आणि मला मागं बसवून स्कूटर अशी काढली की जणू लग्नालाच निघालोय.

नाक्यावर जवानानं नाव विचारलं. ह्यांनी ऐटीत खिशातून भुंगा काढला, गळ्याला लावला आणि बटण दाबलं. जवान दोन पावलं मागं उडाला आणि त्याची बंदूक वर आली. मी हात जोडून हिंदीत ऑपरेशन सांगितलं, ह्यांनी रुमाल उचलून भोक दाखवलं. बिचारा कोवळा होता, कालच बदलून आला होता, तोही घामानं निथळला. माफी मागून म्हणाला की वस्तू साहेबांना दाखवावीच लागेल, परतताना घेऊन जा. भुंगा पोत्यांमागे गेला.

हॉलवर पोचलो, पण हे स्कूटरवरून उतरेनात. तोंड एवढंसं झालं होतं. मी राजाभाऊंना काय घडलं ते सांगितलं, आणि ते म्हणाले, काळजी नको, मी पुकारतो. शेवटी मी ह्यांना ओढूनच आत नेलं आणि आम्ही मागच्या रांगेत बसलो.

राजाभाऊ माणूस भला, पण आकडे असे वाचत होते, जणू शाळेत हजेरी घेताहेत. "एक आणि सात, सतरा. दोन आणि सहा, सव्वीस." साडी नाही, कोथिंबीर नाही. शेजारी हे चुळबुळू लागले. एकेका आकड्याला त्यांचा गुडघा हलत होता. हा गुडघा मला ठाऊक आहे. ह्यांच्या नकाशात कुणी रेघ वाकडी मारली की तो असाच हलतो.

तेवढ्यात राजाभाऊ म्हणाले, "एक आणि तीन, तेरा."

आणि माझ्या शेजारून, पोटाच्या तळातून यावा तसा, एक जाडाभरडा आवाज फुटला.

"पत्ता... नाही!"

क्षणभर कुणाला कळेना कुठून आलं. मग सगळ्या माना मागे वळल्या आणि असा गजर झाला, "तेरा!" की गणपतीसमोरची समई हलली असेल. हे उठले होते. कान लालबुंद, पण पाय थांबले नाहीत. थेट पुढे जाऊन त्यांनी राजाभाऊंच्या हातून थैली घेतली.

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. एकेका आकड्याला ते हवा गिळत, दम घेत आणि एकच शब्द काढत. "बाजार" म्हटलं की लोक "सतरा" ओरडत, "तलाव" म्हटलं की "एक", कारण शहराचा तलाव पहिल्या सेक्टरात! काही शब्द निसटले, एकदा नुसताच ढेकर आला. पहिल्या रांगेतली पोरं खिदळली, तर हेही हसले आणि सोंगटी वर धरून दाखवली. कुणाचं फुल हाऊस झालं ते मला माहीत नाही. माझ्या तिकिटावर एकही आकडा खोडलेला नव्हता.

परतताना ऊन अजून होतं. नाक्यावर त्याच जवानानं भुंगा परत दिला. ह्यांनी तो बघितलाही नाही, सरळ खिशात टाकला. जवानानं नेहमीचं विचारलं, "किधर से आ रहे हैं, बाबूजी?"

ह्यांनी हवा गिळली. "सेक्टर... तेरा."

आता हा बंदूकवाला विचारणार, कसला सेक्टर तेरा! पण तो शहरात नवा. त्यानं मान डोलावली आणि हात केला, "ठीक है, जाइए."

चौक ओलांडला तशी मी ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. स्कूटर डुलत होती. हल्ली ह्यांच्या हसण्याला आवाज नसतो, म्हणून मी पाठीला गाल टेकवला, आणि घर येईपर्यंत ते हसणं तिथूनच ऐकलं.